माझी नसलेली कवळी

दोन माणसांची गाठ घालून द्यायची तर शहाणी माणसं एखादी बाग बघतात, नाहीतर बरंसं हॉटेल. आम्ही धोंडे निवडले. आम्ही म्हणजे मी नव्हे. पण घरात एकदा 'आपण ठरवलं' असं झालं की कोणी ठरवलं याची चौकशी करायची नसते, एवढं मी संसारात शिकलो आहे.

त्या दोघांतला एक म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र भोंगा. त्याचं खरं नाव आता फक्त त्याच्या पेन्शनच्या कागदावर उरलंय. बस स्थानकात तो उद्घोषक होता. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली, कोणती रद्द झाली, कोणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत सापडली, हे सांगता सांगता त्याची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाला तेव्हा माइक तिथेच ठेवावा लागला, आवाज मात्र तो घरी घेऊन आला. शेजारी बसून चहा पितानाही तो तीन फलाटांना ऐकू जाईल असं बोलतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून तो आमच्या घरी येऊन बोलतो. त्याचं लग्न लावून द्यायची निकड आमच्या हिला वाटू लागली ती तेव्हापासून. यात परोपकार किती आणि स्वार्थ किती हे मी तोलून बघितलं नाही. तसं तोलणं हाच माझा धंदा आहे. मी वजनमापे कार्यालयात निरीक्षक आहे.

दुसरं माणूस म्हणजे हिच्या शिवणाच्या क्लासमधली मैत्रीण. टेलिफोन खात्यात होत्या, तक्रारींच्या फोनवर. लोकांची कुरकुर कानात घेत घेतच निवृत्त झाल्या. मी त्यांना मनातल्या मनात टेलिफोनताई म्हणतो, तोंडावर नुसतं ताई. एकट्या, नेटक्या, मोजकं बोलणाऱ्या, आणि डोंगर चढायची भारी हौस.

"तिला डोंगर आवडतात, तर आपण सगळेच डोंगरावर जाऊ," ही म्हणाली. "म्हणजे मुद्दाम गाठ घातल्यासारखं वाटायला नको."

"भोंगा आणि डोंगर? अगं, आपला जिना चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबतो आणि मजला जाहीर करतो."

"तेच तर. त्यांना म्हणावं, पहिल्या भेटीत बोलू नका. हो, नाही आणि वा. बस. बाकी सगळं लग्नानंतर."

मी भोंग्याला तसं बजावलं. तो दुखावला. पण त्याच दिवशी त्याने नवी टोपी विकत आणली, तेव्हा मी समजलो की स्वारी तयार आहे. जाताना मला बाजूला घेऊन त्याच्या मते कुजबुजत, म्हणजे जिन्याच्या दाराला ऐकू जाईल असं, म्हणाला, "एक सांगू का? त्यांना माझ्या कवळीचं सांगू नकोस. वेळ बघून मीच सांगेन."

जिन्याला ऐकू गेलं म्हणजे कर्नलना ऐकू गेलं; नशीब, की कवळीच्या आधीचं धोंड्यांचं बोलणं तेवढंच त्यांच्या कानी पडलं. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. सैन्याशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांची अर्धी विजार खाकी आहे आणि गळ्यात शिट्टी असते. जन्मभर त्यांनी छत्र्यांचं दुकान चालवलं. ते लगेच वर आले.

"धोंड्यांवर जाताय म्हणे? जोडे दाखवा."

मी दाखवले. त्यांनी ते चिमटीत धरून मेलेला उंदीर बघावा तसे बघितले. "हे घालून तुम्ही बाजारात जा. धोंड्यांवर जोडा एक नंबर मोठा पाहिजे. पाय फुगतात." समोरच्या दारातल्या काकू चाळणी हातात घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोठा कशाला? एक नंबर लहान पाहिजे. आमच्या भाच्याचा पाय जोड्यातच घसरला होता." वरच्या मजल्यावरच्या पेंटरने कठड्यावरून वाकून सांगितलं की मुळात जोडा हीच चूक आहे, अनवाणी पायाला दगड धरून ठेवतो. या तीन मतांचा मी मान राखला असता तर एक पाय मोठ्या जोड्यात, एक लहान जोड्यात आणि तिसरा अनवाणी ठेवावा लागला असता. शेवटी कर्नलनी स्वतःचेच जोडे मला दिले. ते दोन नंबर मोठे होते. पुढे वर्तमानपत्र कोंबा म्हणाले. आणि जोड्यांबरोबर ते स्वतःही आले. "मार्ग मला पाठ आहे," ते म्हणाले. त्यांना बोलावलं कोणी, हे अजून कळलेलं नाही.

अशी आमची पाच जणांची वरात जीपमधून निघाली. ताई खिडकीशी, त्यांच्यासमोर नवी टोपी घातलेला भोंगा.

"हवा छान आहे नाही?" ताई म्हणाल्या.

"वा," भोंगा म्हणाला.

"तुम्हाला डोंगर आवडतात?"

"हो."

"वारा लागतोय का? काच लावू?"

"नाही."

ही माझ्याकडे बघून विजयी हसली. मी मात्र भोंग्याचं तोंड बघत होतो. तोंडाशी आलेले शब्द तो एकेक करून गिळत होता आणि त्याचे कान लाल होत चालले होते. शिट्टी न होणारा कुकर जसा दिसतो तसा तो दिसत होता, आणि त्याच्या शेजारी बसण्याचं भाग्य माझ्या वाट्याला आलं होतं.

डोंगराच्या पायथ्याशी एक खिडकी होती आणि खिडकीत एक कारकून. "येण्याचं कारण?" त्याने विचारलं.

"मोहीम," कर्नल म्हणाले.

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "मोहीम असेल तर प्रत्येकाचा डॉक्टरी दाखला लागेल. आणि मोहीमप्रमुखाची लेखी हमी."

"तसं नाही हो, सहल आहे," मी घाईने म्हटलं.

"सहल? मग या शिट्टीवाल्यांच्या खांद्यावर हा दोर कशाला?"

"कपडे वाळत घालायला," ही म्हणाली. कारकुनाने तिच्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं आणि पाच पास फाडून दिले. आमच्या हिच्या चेहऱ्यावर खोटं बोलताना जो सात्त्विक भाव येतो, तो खरं बोलतानासुद्धा येत नाही. हे त्याच दिवशी पुढे मलाच भोवणार होतं.

आता ते धोंडे. डोंगराची अख्खी एक बाजू कधीकाळी ढासळून उतारावर पसरली होती. कपाटाएवढे, मोटारीएवढे, काही तर आमच्या दोन खोल्यांएवढे, एकावर एक, जसे पडले तसे. मधून वाट नाही. वरूनच जायचं, या धोंड्यावरून त्या धोंड्यावर, मधल्या काळोख्या फटीकडे न बघता. पलीकडे तळं आहे म्हणाले. असेल. मी काही बघितलेलं नाही.

"तीन टेकू कायम!" कर्नलनी शिट्टी फुंकून सांगितलं. "दोन हात एक पाय, नाहीतर दोन पाय एक हात. कधीही दोन टेकू होता कामा नयेत!" मी तर पाच ठेवले होते. पाचवा कोणता ते सांगायची गरज नसावी. त्याचे परिणाम पुढे माझ्या पॅंटवर झाले. ताई मात्र अंगणात चालावं तशा चालत होत्या. कमरेवर हात ठेवून त्या पुढच्या धोंड्याकडे बघायच्या आणि हलकेच तिथे पोचायच्या. पण ही मागे पडली म्हणून तिला हात द्यायला त्या थांबल्या, कर्नल शिट्टी वाजवत पुढे नाहीसे झाले आणि मी आणि भोंगा एका अवाढव्य धोंड्याच्या माथ्यावर दोघेच उरलो.

समोर दरी. दरीपलीकडे उभा कडा. पानसुद्धा हलत नव्हतं. भोंग्याने एक दीर्घ श्वास घेतला.

"लेका," तो म्हणाला, "इथे आवाज काय घुमेल रे!"

"नको."

"एकदाच. त्या मागे आहेत."

"भोंग्या, तुला शपथ आहे."

पण माणूस सकाळपासून तुंबलेला होता. त्याने छाती भरली, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळी नोकरी पणाला लावून गर्जना केली, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्याऽऽवे!"

त्या 'द्या'बरोबर त्याची वरची कवळी तोंडातून सुटली. उन्हात एकदा चमकली, धोंड्यावर टक् टक् टक् अशी तीनदा नाचली आणि दोन धोंड्यांमधल्या फटीत गेली. समोरच्या कड्यावरून 'द्यावे, द्यावे' असं परत आलं. कवळी परत आली नाही.

आम्ही दोघे पालथे पडून फटीत बघू लागलो. पुरुषभर खोलीवर एका कंगोऱ्यावर ती बसली होती. गुलाबी, टवटवीत, आणि आमच्याकडे बघून हसत होती. कवळीला दुसरं काही येत नाही हे मला मान्य आहे, पण त्या वेळी ते फार लागलं.

"फगळं फंपलं," भोंगा म्हणाला. वरची नसताना खालची नुसतीच खडखडायला लागली, म्हणून ती त्याने काढून खिशात टाकली आणि रुमालाने तोंड झाकून घेतलं. रुमालावरून त्याचे डोळे माझ्याकडे बघत होते. शाळेत गृहपाठ राहिला की तो असाच बघायचा आणि मी माझी वही पुढे सरकवायचो.

तेवढ्यात मागून ताई आणि ही आल्या.

"कोण हो ओरडलं एवढं?" ताईंनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

"अगंबाई! आणि पालथे का पडलात? काही पडलं का?"

मी भोंग्याकडे बघितलं. माणसाच्या आयुष्यात काही क्षण असे येतात की त्याने तोंड मिटून घ्यावं. मी ते फारच शब्दशः घेतलं. दोन्ही ओठ आत दुमडले आणि म्हणालो, "माझी कवळी फडली."

ताई "अरेरे!" म्हणाल्या. ही मात्र फसणारी नव्हती. माझे दात तिच्या चांगल्या ओळखीचे आहेत. तिने केलेल्या जेवणाचा त्यांनी अनेक वर्षं सामना केला आहे. तिने माझ्या दुमडलेल्या ओठांकडे बघितलं, भोंग्याच्या रुमालाकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर तो खिडकीपाशी दिसलेला सात्त्विक भाव उमटला.

"काय सांगू तुला," ती ताईंना म्हणाली, "लग्नाच्या वेळेपासून कवळी आहे त्यांना. आम्हाला सांगितलंच नाही. मला वाटायचं, काय बाई छान हसतात हे! मग कळलं."

"फार जुनं झालं ते," मी ओठांच्या आतून म्हणालो.

"आणि झोपताना पाण्यात ठेवायची सोडून उशीखाली ठेवायचे. मला दोनदा चावली आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते असं. मी एका मित्राची अब्रू झाकत होतो आणि माझी सहधर्मचारिणी माझी अब्रू धोंड्यांवर वाळत घालत होती. दोर तिने त्यासाठीच आणवला असावा.

शिट्टी वाजवत कर्नल परत आले. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांच्या अंगात दहा सेनापतींचं बळ आलं. त्यांनी छत्रीची तार वाकवून आकडा केला आणि दोराला बांधून सोडला. आकड्याने कवळीला गुदगुल्या केल्यासारखं केलं. ती जरा सरकली आणि आणखी प्रसन्न हसली. मग काठीच्या टोकाला ओला ब्रेड चिकटवून बघितला. ब्रेड कवळीला चिकटला, काठीला नाही.

"आधी जेवून घेऊ, मग डोकं चालेल," ताई म्हणाल्या.

माझ्या जन्मात असं जेवण झालं नव्हतं. डब्यात ब्रेडचे भाजलेले तुकडे, सफरचंदं, काकड्या, उकडलेली अंडी. ही सगळं एकेक करून माझ्यासमोर धरायची आणि "अगंबाई, तुम्हाला कुठलं चालायला!" म्हणत मागे न्यायची. अंड्याला दात लागत नाहीत, असं मी सुचवून बघितलं. "घशात अडकलं तर?" ती म्हणाली आणि माझ्यासमोर ते अंडं खाल्लं. मला एक केळं मिळालं. ताईंनी घरी भाजलेले बदाम आणले होते. त्यांनी मूठभर बदाम स्वतःच्या हाताने भोंग्याला दिले. नाही म्हणायची सोय नव्हती. रुमालाआड नेल्यासारखं करून त्याने ते सगळे खिशात सोडले आणि म्हणाला, "वा."

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आम्ही दोघांनी मिळून पुरी केली होती. मी भोंग्याला खूण केली. एका धोंड्यामागे आम्ही उभे राहिलो. त्याच्या खिशात हात घातला तर आधी खालची कवळीच बोटाला चावली. तिच्याखालून बदाम काढले आणि दरीकडे तोंड करून हव्या तेवढ्या मोठ्याने चावले. भोंगा डोळ्यांत पाणी आणून बघत होता.

"कफे आहेत?" त्याने विचारलं.

"उत्तम. जरा खारट."

परत येऊन बघतो तर कर्नलनी योजना आखली होती. "माणूस उतरवायचा," ते म्हणाले. "पायाला दोर बांधून, डोकं खाली."

"कुठला माणूस?"

"ज्याची कवळी तो माणूस."

"तुम्ही बारीक आहात," मी त्यांना म्हटलं. घाईत ओठ दुमडायचे राहिले. ही खोकली. मी दुमडले. "तुम्ही बारीक आहाफ."

"दुसऱ्याची कवळी मी हातात घेणार नाही," कर्नल म्हणाले. "आमच्या घराण्यात ते बसत नाही."

भोंगा एकदम उठून उभा राहिला. रुमालातून त्याने काहीतरी म्हटलं आणि स्वतःच्या पायाला दोर बांधू लागला. बिचाऱ्याचा चेहरा बघवत नव्हता. पण ताई म्हणाल्या, "अहो, मित्रासाठी केवढं! पण नको हं, तुमचं वय झालंय." हे ऐकल्यावर मला उतरणं भाग होतं. भोंगा आणि मी एका वर्गातले आहोत.

मला फटीत सोडलं. डोकं गेलं, खांदे गेले, छाती गेली. हात लांबवला आणि कवळी मुठीत आली. "मिळाली!" मी ओरडलो. वरून टाळ्या ऐकू आल्या. "ओढा!" मी म्हणालो. त्यांनी ओढलं. मी आलो नाही. पोट उतरताना श्वास सोडून उतरलं होतं आणि आता आनंदाने भरून आलं होतं. आयुष्यभर मी इतरांच्या वजनांवर शिक्के मारले. माझं वजन कोणी तपासलं नाही, त्याचा हा दंड.

मी असा दोन धोंड्यांमध्ये बुचासारखा बसलेला असताना वरून एक अनोळखी आवाज आला. वनरक्षक फेरीवर होता. त्याला माझ्यातलं जे दिसत होतं, म्हणजे कर्नलचे जोडे, त्यांच्याशी तो बोलू लागला.

"उलटं लटकून काय चाललंय?"

"दात काढतोय," मी आतून म्हणालो.

"माझ्याकडे बघून?"

"तुमच्याकडे कुठलं बघतोय? खाली बघून दात काढतोय."

"साहेब, मी ड्युटीवर आहे. मस्करी नको."

शेवटी ताईंनी त्याला नीट समजावलं. तो भला माणूस होता. त्याने दोराला हात लावला. कर्नलनी शिट्टी फुंकली, डावा जोडा निघून आला. पुन्हा फुंकली, उजवा आला, आतल्या वर्तमानपत्रासकट. मग त्यांनी माझे पायच धरले. टर्र असा मोठा आवाज झाला, तो पॅंटचा होता, आणि मी वर आलो. हिने मुकाट्याने आपला स्वेटर माझ्या कमरेला बांधला. मागून.

"मुठीत काय आहे?" वनरक्षकाने विचारलं.

मी उघडून दाखवली. त्याने टोपी मागे सारली आणि जवळच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर लिहिलं होतं की या क्षेत्रातून दगड, माती, झाडपाला, तसेच प्राण्यांची हाडे, दात, शिंगे, नखे व पिसे बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे.

"दात," तो म्हणाला. "स्पष्ट लिहिलंय."

"अहो, ते प्राण्यांचे!"

"माणूस प्राणी नाही असं पाटीवर कुठे लिहिलंय? क्षेत्रातल्या फटीत सापडले म्हणजे क्षेत्रातले झाले. आज तुमचे सोडले तर उद्या कोणी सुळे घेऊन येईल आणि म्हणेल माझेच आहेत. होते तिथे परत ठेवा."

मी तीस वर्षं सरकारी नोकरीत आहे. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगतो, मान डोलवावीशी वाटली. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो आणि वर दोन प्रती मागितल्या असत्या.

ही आणि कर्नल त्याच्याशी वाद घालू लागले. वनरक्षकाने बराच विचार केला. मग म्हणाला, "एक होऊ शकतं. हातातून, खिशातून, पिशवीतून न्यायला बंदी आहे. तोंडातून कोण काय नेतो ते तपासायचा अधिकार आम्हाला दिलेला नाही. ज्याचे आहेत त्याने इथे माझ्यासमोर तोंडात बसवावेत आणि चालू लागावं. बसले तर त्याचे, नाही बसले तर सरकारचे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुठीतल्या कवळीकडे बघितलं. तिच्यावर ब्रेड होता, माती होती, एक मुंगी होती, आणि मुळात ती भोंग्याची होती. मैत्रीसाठी माणसाने जीव द्यावा असं म्हणतात. मी दिला असता. पण हे!

"बसवा की," वनरक्षक म्हणाला.

"बसवा ना," ही म्हणाली. तिचे खांदे हलत होते.

मी कवळी ओठांपर्यंत नेली. ओठ घट्ट दुमडले. वनरक्षकाने कमरेची बॅटरी काढून माझ्या तोंडावर मारली. "तोंड उघडा, असं कसं जाईल?" दचकून मी 'आ' केला. त्याने आत उजेड पाडून इकडून तिकडे बघितलं, आणि बॅटरी बंद केली.

"अहो, आत जागाच नाही. सगळ्या सीटा भरलेल्या आहेत."

मग भोंग्याने रुमाल खाली घेतला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. दात नव्हते म्हणून आणि दुसऱ्याही कारणाने. ताईंकडे न बघता त्याने माझ्यापुढे हात केला आणि म्हणाला, "माझी आहे. याने माझ्याफाठी खोटं फांगितलं. याफे फगळे दात खरे आहेत."

"मला माहीत आहे," ताई म्हणाल्या.

"कफं?"

"धोंड्यामागून कुडुमकुडुम आवाज येत होता ना. बदाम तुम्हाला दिले आणि आवाज भावजींच्या बाजूने आला. म्हटलं, बघू तरी किती वेळ चालतं." आणि बाटली उघडून त्यांनी स्वतः त्या कवळीवर पाणी ओतलं, ब्रेड, माती आणि मुंगीसकट सगळं धुऊन काढलं आणि भोंग्याच्या हातात दिली. त्याने पाठ फिरवून वरची बसवली, खिशातली खालची बसवली. 'खट्' असा आवाज झाला. वनरक्षकाने मान हलवली. कायदा तृप्त झाला.

गोष्ट इथेच थांबली असती तर किती बरं झालं असतं! पण सकाळपासून कोंडलेला भोंगा आता दातांसकट मोकळा सुटला. उतरताना तो ताईंच्या शेजारून चालला आणि क्षणभर थांबला नाही. कोणत्या साली कोणती गाडी दरीत अडकली होती, कोणता ड्रायव्हर हॉर्न वाजवताना रडायचा, एका म्हाताऱ्या बाईची कोंबडी त्याने माइकवरून कशी शोधून दिली. पुढचा धोंडा आला की "पुढील धोंडा डाव्या बाजूस येत आहे" असं जाहीर करायचा. ताई ऐकत होत्या. ऐकून ऐकून त्यांचा चेहरा तक्रारीच्या फोनवर असेल तसा झाला होता.

जीपपाशी त्यांनी हिला बाजूला घेतलं. मी स्वेटर सावरत मागेच होतो, म्हणून ऐकू आलं.

"ती पुन्हा कुठे पडायची नाही ना?"

"नाही गं, आता घट्ट बसलीय," ही म्हणाली.

"हो का," ताई म्हणाल्या, आणि सुस्कारा टाकून जीपमध्ये बसल्या.

मी समजलो, जमलेलं फिसकटलं. घरी आल्यावर आम्ही भोंग्याशी त्या विषयावर बोललो नाही. तो बोलला. रोज बोलला. त्या किती छान ऐकतात, असं आम्हाला तास तास सांगायचा. त्याची नवी टोपी आमच्याच खुंटीवर असायची.

आणि एक दिवस ताईंचा हिला फोन आला. तिकडून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. ही नुसती "अगंबाई" आणि "हो का" करत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "तिला तुमचा मित्र पसंत आहे. स्वतः दोराला पाय बांधायला निघाला होता, आणि सगळ्यांसमोर रुमाल खाली घेतला, तेव्हाच पसंत पडला म्हणते. फक्त एक अट आहे."

ती अट भोंग्याने ऐकली, डोकं खाजवलं आणि मान्य केली. लग्न साधंच झालं, नोंदणी कार्यालयात. कर्नलनी शिट्टी वाजवली, तेव्हा तिथल्या शिपायाने त्यांना बाहेर काढलं.

परवा आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. भोंगा रंगात आला होता. कुठल्याशा पावसात वाहून गेलेल्या वेळापत्रकाची गोष्ट अगदी ऐन भरात होती. बाहेर अंधारून आलं. ताईंनी दिवा लावला, आतून पाण्याची वाटी आणली आणि त्याच्यासमोर ठेवली. भोंगा वाक्याच्या मधेच थांबला. त्याने वरची काढली, खालची काढली, वाटीत सोडली. 'टुप्, टुप्.' मग लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन तो आरामात टेकून बसला.

आणि ताई बोलू लागल्या. मोजकं बोलणाऱ्या ताई! इतकी वर्षं फोनवर लोकांचं ऐकून घेतलं होतं, त्या प्रत्येक तक्रारीला त्या वेळी द्यायचं राहिलेलं उत्तर त्यांच्याजवळ शिल्लक होतं, आणि त्या एकेक काढत होत्या. हातात सुया, तोंडाने बोलणं. भोंगा लोकर सोडत ऐकत होता. मधेच "वा" म्हणायचा. इतका सुखी चेहरा मी त्याच्या तोंडावर कधी बघितला नव्हता.

आमची ही मात्र त्या वाटीकडे टक लावून बघत होती. बराच वेळ बघितलं, आणि मग तिने हळूच मान वळवून माझ्या तोंडाकडे बघितलं.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. माझे सगळे खरे आहेत, आणि पक्के आहेत, हे तिला माहीत असतानासुद्धा.